नाशिकमधून पत्रकारितेत मास्टर्स : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

पदवीचा निकाल लागला की मला दर वर्षी एकाच धाटणीचे फोन येतात. "ताई, पत्रकारितेत मास्टर्स करायचंय, फॉर्म कधी सुटतात?" फोन कधी कळवणहून असतो, कधी सिन्नरहून, कधी सिडकोतून. मी विचारते, कशासाठी करायचंय? पलीकडे शांतता. मग हळूहळू बाकीचं कळतं. केंद्रीय विद्यापीठांच्या परीक्षेची मुदत कधीच उलटून गेलेली असते. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा असतो. हातात ज्या अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका आहे, ती पदवी नसून पदविका निघते. मुलं हुशार असतात, कष्टाळूही असतात. फक्त क्रम उलटा लागलेला असतो : आधी फॉर्म, मग कागद, मग परीक्षा आणि विचार सगळ्यात शेवटी.

प्रवेश पावसाळ्यात होत असले तरी तयारीची सुरुवात पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या दिवाळीपासून धरा. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

## टप्पा १ : आधी हेतू ठरवा, तोही कागदावर

पत्रकारितेत मास्टर्स करणाऱ्यांचे हेतू साधारण तीन असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

पहिला हेतू बातमीदारीचा. इथे मी स्पष्टच सांगते : दैनिकात किंवा वाहिनीत उमेदवारी मिळवायला मास्टर्सची अट बहुतेक ठिकाणी नसते. संपादक तुमची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी पाहतो, बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या बातमीक्षेत्रात किती फिरता ते पाहतो. तेव्हा या हेतूने जाणाऱ्याने असा विभाग शोधावा जिथे आठवड्याला प्रत्यक्ष लिहून घेतात, विद्यार्थ्यांचं नियतकालिक निघतं आणि शिकवणाऱ्यांत काम केलेले पत्रकार आहेत.

दुसरा हेतू अध्यापनाचा. महाविद्यालयात शिकवायचं तर नेट (अध्यापकांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा राज्याची सेट लागते आणि नेटसाठी पदव्युत्तर पदवीत खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के, इतर मागास (नॉन-क्रिमीलेअर), अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के लागतात. इथे गुणपत्रिकेला वजन आहे. शिवाय या विषयाची नेट इंग्रजी आणि हिंदीत होते, मराठीत नाही. मास्टर्स मराठीतून करणाऱ्याने पारिभाषिक शब्द पहिल्या सत्रापासूनच दोन्ही भाषांत लिहून ठेवायला हवेत.

तिसरा हेतू जनसंपर्क, जाहिरात किंवा सरकारी माहिती खात्याचा. माहिती खात्यातल्या पदांच्या जाहिरातींत पत्रकारितेच्या पात्रतेबरोबर अनुभवही मागतात. म्हणून जुन्या दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेचा परिच्छेद आधी वाचा आणि मगच अभ्यासक्रम निवडा.

तपासून घ्या : वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा. पदवीनंतर कोणतं काम, कोणत्या गावात, कोणत्या भाषेत. या तीन ओळी लिहिता येत नसतील तर पुढे जाऊ नका. महिनाभर एखाद्या स्थानिक दैनिकाच्या कार्यालयात बसा आणि मग परत या पानावर या.

## टप्पा २ : अभ्यासक्रमाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा

पदविका, पदवी, पदव्युत्तर पदविका आणि पदव्युत्तर पदवी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना सगळ्यांनाच आपण "जर्नालिझम केलं" म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. उदाहरणार्थ, अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे. तिथला मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चांगला, पण ती पदव्युत्तर पदविका. बातमीदारी करायची असेल तर तेवढं वर्ष पुरेसं ठरू शकतं. नेट द्यायची असेल तर पदविका आपोआप मास्टर्सच्या बरोबरीची धरत नाहीत, समकक्षता दाखवावी लागते.

पदवीच्या नावातही फरक असतो. कुठे एमए, कुठे एमजेएमसी (पत्रकारिता आणि जनसंवादाची मास्टर्स), तर पुणे विद्यापीठाच्या माध्यम व संज्ञापन अभ्यास विभागात एमएस्सी. पण नुसत्या अक्षरांवर जाऊ नका. संशोधन जास्त, लेखन जास्त की निर्मिती जास्त, हे त्यावरून नाही तर आतल्या विषयांच्या यादीवरून कळतं. ती यादी मागवा आणि चारही सत्रांची वाचा.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर रचना बदलली आहे. दोन वर्षांचे मिळून ८८ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे सत्राला २२. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका हातात येते, मास्टर्स नाही. ज्यांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली आहे, त्यांना एका वर्षात मास्टर्सची सोय आहे. तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर कुणी "एका वर्षात मास्टर्स" म्हणत असेल तेव्हा थांबा आणि लेखी विचारा.

इशारा : मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून, म्हणजे बारावी न होता, पदवी घेतलेल्या मुलांची इथे फसगत होते. काही संस्था दहावी-बारावी-पदवी अशी सलग शृंखला मागतात. पात्रतेच्या ओळीत १०+२+३ असं छापलेलं आहे का, ते फी भरण्यापूर्वी पाहा.

## टप्पा ३ : नाशिकमध्येच, पुण्याला, मुंबईला की घरबसल्या

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. शहरात कॉलेज रोडला एचपीटी महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. मुंबई विद्यापीठाचा विभाग कालिन्याला. मराठवाडा विद्यापीठाचा छत्रपती संभाजीनगरला, शिवाजी विद्यापीठाचा कोल्हापूरला. आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर आपल्या दारातच, गंगापूर धरणाच्या बाजूला.

निवड करताना मुलं फक्त फी बघतात. फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च मोठा असतो, आणि त्याहून मोठी किंमत हजेरीची. नाशिकहून पुण्याला सरळ रेल्वेमार्ग नाही, एसटीचे दोनशेच्या वर किलोमीटर आहेत. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन करू म्हणणारे मी पाहिले. नोकरदार माणसं ते वर्षानुवर्षं करतात, पण त्यांना संध्याकाळी असाइनमेंट लिहायची नसते. पहिल्याच सत्रात ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते. बाहेरगावी शिकायचं तर तिथेच राहायचं, हे गृहीत धरूनच घरच्यांशी बोला.

नाशिकमध्ये राहण्याचा एक फायदा फारसा कुणी मोजत नाही. बातमीसाठी हा जिल्हा अतिशय समृद्ध आहे. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, मालेगावचे यंत्रमाग, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, सुरगाणा-पेठचं पाणी, गोदावरी, आणि २०२७ चा सिंहस्थ. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा कुठल्याच महानगरात सहज मिळत नाही. ज्याला जिल्हा पत्रकारिता करायची आहे, त्याने नाशिकबाहेर जाण्याआधी दोनदा विचार करावा असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्याला इंग्रजी पत्रकारिता किंवा मोठ्या वाहिनीत काम करायचंय, त्याने मात्र बाहेर जावं.

रात्रपाळीला डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादनाच्या कामावर असलेल्यांसाठी दूरशिक्षण हा खरा पर्याय आहे. पण तिथे एक गोष्ट चुकवू नका : विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी मान्यता असणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर ती यादी दिसते. शिवाय दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता विद्यार्थ्याचा डीईबी आयडी लागतो, आणि तो काढायला आधी अपार, म्हणजेच एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतो.

तपासून घ्या : दुसरी एखादी पदवी चालू असेल तर घाबरू नका. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. दोन्ही नियमित असतील तर तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक नियमित आणि एक दूरशिक्षण असावी.

## टप्पा ४ : कागद, आणि त्यांचा क्रम

माझं स्वतःचं एक वर्ष या टप्प्यात गेलं, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे. निवड यादीत नाव होतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं म्हणून मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचं प्रमाणपत्र) लागणार हे माहीत होतं. पण मायग्रेशनसाठी आधी टीसी हवा, टीसीसाठी ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र हवं, आणि माझ्या नावावर एक पुस्तक पडून होतं जे मी परत केल्याची नोंदच झालेली नव्हती. ती नोंद सापडेपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं. मी शेवटच्या आठवड्यात कागद काढायला निघाले होते, एवढंच.

म्हणून हा क्रम :

1. पदवीचं शेवटचं सत्र चालू असतानाच ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांची देणी मिटवा आणि ना-देय प्रमाणपत्र मागून ठेवा.
2. आधार, दहावीची सनद आणि पदवीची गुणपत्रिका या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का, पाहा. वडिलांच्या नावाचं एक अक्षर किंवा आडनाव आधी-नंतर एवढ्याशा फरकाने अपार आयडी अडकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.
3. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा, आपले सरकार केंद्रातून. तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. एप्रिल उजाडला की नवा काढायला टाका. जून-जुलैत दहावी-बारावीच्या प्रवेशांची गर्दी त्याच खिडकीवर असते.
4. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या दिवशी चालू हवी.
5. निकाल लागला की गुणपत्रिका, मग टीसी, मग विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन. पुणे विद्यापीठाच्याच एका महाविद्यालयातून दुसरीकडे जाणाऱ्याला टीसी पुरतो. मुक्त विद्यापीठातून येणाऱ्याला मायग्रेशन लागतं, कारण ते वेगळं विद्यापीठ आहे, इमारत नाशिकमध्ये असली तरी.
6. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रतिज्ञापत्र.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करताना बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. इथे एक बारकावा आहे. खात्यात आधार क्रमांक नोंदवलेला असणं आणि सरकारी रक्कम त्याच खात्यात वळती व्हावी म्हणून आधार जोडलेलं असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन-चार खाती असतील तर रक्कम शेवटच्या जोडलेल्या खात्यात जाते आणि मुलं भलत्याच पासबुकात शोधत बसतात. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी हेच खातं जोडलंय का" असं विचारा.

इशारा : मूळ टीसी एका ठिकाणी जमा केलात की तो परत मिळवायला तिथला प्रवेश रद्द करावा लागतो. पहिल्या पसंतीच्या विभागाची यादी लागायची असेल तर दुसरीकडे मूळ कागद देण्याआधी प्रवेश रद्द करण्याचे आणि फी परतीचे नियम वाचा. प्रत्येक कागदाच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन फोनमध्ये ठेवा.

## टप्पा ५ : प्रवेश परीक्षेची तयारी

वेळापत्रक आधी समजून घ्या. केंद्रीय विद्यापीठं आणि इतर काही संस्थांचे प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. तिचे अर्ज गेल्या काही वर्षांत हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला सुटत आले आहेत आणि परीक्षा मार्चमध्ये. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करता येतो. राज्यातल्या विद्यापीठांचे अर्ज उन्हाळ्यात निघतात. म्हणजे निकालाची वाट पाहणाऱ्याच्या हातून निम्मे पर्याय आधीच गेलेले असतात.

सीयूईटी-पीजीत ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला उणे १. अंदाजपंचे उत्तरं मारली तर यादीतून बाहेर फेकले जाता. पुणे विद्यापीठाच्या विभागांची ऑनलाइन प्रवेश परीक्षा वेगळी, आणि महाविद्यालयांची पद्धत त्याहून वेगळी असू शकते. जिथे अर्ज केलाय, तिथलीच माहितीपुस्तिका प्रमाण माना.

काय वाचायचं, यापेक्षा काय टाळायचं ते आधी सांगते. जुन्या मार्गदर्शिका घेऊन बसू नका. माध्यम कायद्यांचा भाग गेल्या काही वर्षांत उलथापालथ झाला आहे. १८६७ च्या प्रेस कायद्याच्या जागी २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे बदनामीचं कलम आता ४९९-५०० नाही, ३५६ आहे. बाजारातल्या निम्म्या पुस्तकांत अजून जुनेच आकडे आहेत. घटनेचं कलम १९(१)(अ) आणि १९(२) मात्र मुळातून वाचा, सारांशातून नको.

लेखन-अनुवादाची तयारी अशी करा. पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, इंग्रजीत प्रसिद्धीपत्रकं काढतं आणि त्यातली बरीच मराठीतही देतं. इंग्रजी पत्रक घ्या, दीडशे शब्दांत मराठी बातमी करा, आणि मग त्यांचं मराठी पत्रक उघडून शेजारी ठेवा. कोणती संज्ञा चुकली ते कळेल. शिवाय सरकारी मराठी बातमीत कुठे जड जाते तेही कळेल. आठवड्याला चार बातम्या केल्यात तरी चार महिन्यांत हात बसतो.

आकड्यांची एक चूक सगळेच करतात. लासलगावला कांदा १२०० रुपये क्विंटलवरून १५०० वर गेला तर वाढ २५ टक्के. तोच १५०० वरून परत १२०० वर आला तर घसरण २५ नाही, २० टक्के. पाया बदलला. मतदान ५५ टक्क्यांवरून ६० वर गेलं तर वाढ ५ टक्के नाही, ५ टक्केबिंदू. परीक्षेत यावर प्रश्न येवो न येवो, डेस्कवर रोज येतो. बाजारभाव वाचताना कमाल, किमान आणि सरासरी वेगळे वाचायची सवय याच काळात लावा. एका ट्रॉलीला मिळालेला कमाल भाव म्हणजे बाजाराचा भाव नव्हे.

आणि टंकलेखन. मराठी युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. अनेक दैनिकांत पानं लावायला अजून जुने फाँट वापरतात, पण इनस्क्रिप्ट हाताला बसला की बाकीचं जमतं. फोनवर बोलून लिहिण्याच्या सवयीवर विसंबू नका. त्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि विशेषनामं हमखास बिघडतात, आणि लेखी परीक्षेला फोन नसतो.

तपासून घ्या : परीक्षेच्या महिनाभर आधी ओळखीच्या एखाद्या उपसंपादकाला तुमच्या पाच बातम्या द्या आणि इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, तेवढा तपासायला सांगा. लाल शाई किती लागते, त्यावरून तयारी कळेल.

## टप्पा ६ : मुलाखत आणि प्रवेशाचा दिवस

मुलाखत असेल तर त्या सकाळची दोन दैनिकं वाचून जा, त्यातलं एक नाशिकचं असू द्या, गावकरी किंवा देशदूत. "कोणती बातमी तुम्ही वेगळी लिहिली असती?" या प्रश्नाला मोघम उत्तर देणारे बहुतेक असतात. एका बातमीत कुणाची बाजू घेतलेली नव्हती, कोणता आकडा पडताळला नव्हता, इतकं नेमकं सांगा. प्रवेशाच्या दिवशी पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि पात्रता अर्ज वेगळा भरायचा आहे का ते तिथेच विचारा. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांचा पात्रता अर्ज राहून जातो आणि परीक्षेच्या तोंडावर हॉलतिकीट अडतं.

## टप्पा ७ : पहिल्या सत्रात तीन सवयी

पहिल्या सत्रात सगळे माध्यम सिद्धान्तांच्या नोट्स जमवण्यात गुंततात. नोट्स वरच्या वर्गाकडून मिळतातच. मिळत नाही ते हे.

एक बीट धरा. महापालिका, बाजार समिती, आरोग्य, शिक्षण, न्यायालय, कुठलंही एकच. दोन वर्षं त्यावरची कात्रणं तारखेनिशी ठेवा. दुसरं, एका ग्रंथालयात पाय रोवा. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे. तिथे सभासद व्हा, ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. जुन्या अंकांची गरज पडेल तेव्हा ती ओळख कामी येते. तिसरं, प्रत्येक असाइनमेंट अशी लिहा की ती कुठेतरी छापायला देता येईल. सत्राअखेर दहा असाइनमेंटपैकी दोन जरी छापून आल्या तरी पुढे नोकरी मागायला जाताना हातात ठेवायला काहीतरी असतं.

नोकरी करत असाल तर कार्यालयाकडून ना-हरकत पत्र पहिल्याच महिन्यात घ्या. तोंडी "हो" संपादक बदलला की विरून जातो.

## टप्पा ८ : ओजेटी, म्हणजे कार्यप्रशिक्षण

नव्या रचनेत यासाठी ४ श्रेयांक आहेत, तास १२०. आठवड्याचे सहा दिवस रोज पाच तास धरले तर चार आठवडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जागा लवकर भरतात, म्हणून दोन महिने आधी विचारा.

चूक अशी होते की मुलगा कार्यालयात जातो, त्याला प्रेस नोट टाइप करायला बसवतात, महिना संपतो आणि प्रमाणपत्र मिळतं. त्या १२० तासांत शिकलो काय? पहिल्याच दिवशी वृत्तसंपादकांना नम्रपणे सांगा : एक आठवडा डेस्क, दोन आठवडे एखाद्या बातमीदाराबरोबर बाहेर, एक आठवडा डिजिटल. बहुतेक जण ऐकतात, कारण सांगून येणारा विद्यार्थी त्यांनाही क्वचितच भेटतो. रोजची नोंद त्याच संध्याकाळी वहीत करा आणि आठवड्याला सही घ्या. शेवटच्या दिवशी महिन्याच्या नोंदी एकदम लिहिलेली वही शाईवरूनच ओळखू येते.

इशारा : प्रशिक्षणासाठी तुमच्याकडून पैसे मागणाऱ्या किंवा जाहिराती गोळा करायला लावणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. ओळखपत्राच्या मोहाने मुलं तिथे अडकतात. विद्यापीठाला लागतं ते कामाचं प्रमाणपत्र.

## टप्पा ९ : संशोधन प्रकल्प

इथे सर्वांत जास्त गुण जातात, आणि जाण्याचं कारण नेहमी एकच : विषय फार मोठा. "समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम" हा विषय मी इतक्या वेळा पाहिला आहे की मुखपृष्ठ पाहूनच जीव हळहळतो. त्या मुलाने चार महिने खपून गूगल फॉर्मवर मित्रांकडून उत्तरं भरून घेतलेली असतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिलाच प्रश्न येतो, हे शंभर जण तुम्ही कसे निवडले? तिथेच सगळं संपतं.

एक उदाहरण घेऊन विषय कसा आवळायचा ते दाखवते.

"गोदावरी प्रदूषण आणि माध्यमे" हा विषय नाही, ते मथळ्याचं अर्धं वाक्य आहे. त्याला प्रश्न विचारा. कोणती माध्यमं? दोन मराठी दैनिकांच्या नाशिक शहर आवृत्त्या. कोणता काळ? मागचं एक कॅलेंडर वर्ष. नेमकं काय पाहायचं? बातमीतली माहिती कुणाकडून आली : महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पर्यावरण कार्यकर्ते, गंगेवरचे (गोदाकाठचे) रहिवासी, की बातमीदाराने स्वतः पाहिलं? आता विषय झाला : "गोदावरी प्रदूषणाच्या बातम्यांतील माहितीचे स्रोत : दोन दैनिकांच्या नाशिक आवृत्त्यांचा आशय अभ्यास".

पुढे नमुना. वर्षाचे सगळे अंक पाहणं एकट्याला झेपत नाही, आणि सलग दोन आठवडे घेतले तर त्यात एखादा पूर किंवा पर्वणी येऊन चित्र वाकडं होतं. त्यासाठी रचित आठवडा वापरतात. वर्षातल्या सगळ्या सोमवारांच्या तारखांच्या चिठ्ठ्या करा, त्यातून दोन उचला. मग मंगळवारच्या दोन. असे सातही वार. १४ तारखा झाल्या, दोन दैनिकांचे मिळून २८ अंक. साऱ्या ऋतूंना आणि सातही वारांना सारखी संधी मिळते. सर्वसाधारण बातम्यांसाठी वर्षाला दोन रचित आठवडे पुरेसे मानतात. गोदावरीसारखा क्वचित छापून येणारा विषय असेल तर आधी पाहा की २८ अंकांत बातम्या किती येतात. दहा-बाराच आल्या तर आठवडे वाढवा. ही पाहणी मार्गदर्शकाला विषय देण्याआधी करायची, नंतर नाही.

अंक मिळवताना एक सापळा आहे. ई-पेपरवर शहराची, ग्रामीणची आणि पुरवणीची पानं वेगवेगळी असतात. निफाडला घरी येणारा अंक आणि शहरात शालिमारला मिळणारा अंक एक नसतो. कोणती आवृत्ती घेतली, पुरवणी धरली की नाही, हे प्रकरणात स्पष्ट लिहा आणि २८ अंकांत त्यात बदल करू नका.

मग नोंदतक्ता. तारीख, पान, बातमीचा आकार, बायलाइन (बातमीदाराचं नाव) आहे का, छायाचित्र, पहिला उद्धृत स्रोत, एकूण स्रोत, समस्या सांगितली की उपायही. प्रत्येक रकान्याची व्याख्या वेगळ्या पानावर. "कार्यकर्ता" म्हणजे कोण? नगरसेवक नदीबद्दल आंदोलन करत असेल तर तो राजकीय स्रोत की कार्यकर्ता? हे आधी ठरवलं नाही तर तिसऱ्या अंकात एक आणि विसाव्या अंकात दुसरं लिहाल. नमुन्याबाहेरच्या तीन अंकांवर तक्ता वापरून पाहा. नंतर तुमच्या नमुन्यातले तीन अंक वर्गमित्राला स्वतंत्र नोंदवायला द्या आणि दोघांच्या नोंदी जुळवा. शंभरातल्या ऐंशी नोंदीही जुळत नसतील तर दोष मित्राचा नाही, व्याख्येचा आहे. व्याख्या दुरुस्त करून पुन्हा सुरुवात करा.

सरकारी आकडेवारी हवी असेल तर माहितीचा अधिकार वापरा, पण वेळेचा हिशेब धरून. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचा निकाल ३० ते ४५ दिवसांत. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर चार महिने. चौथ्या सत्रात अर्ज टाकणाऱ्याला सबमिशननंतर उत्तर येतं. तिसरं सत्र सुरू होताच अर्ज द्या. "माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मलनिस्सारण केंद्रांतील पाण्याच्या तपासणी अहवालांच्या प्रती" असं कागदाचं नाव मागा.

आधीचं संशोधन पाहायला शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात पीएच.डी.चे प्रबंध मोफत आहेत. वाचा, पण उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यावर ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, पुढे शिक्षा वाढत जाते आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. भाषांतर करून घेतलेला मजकूर यंत्राला सापडला नाही तरी परीक्षकाला सापडतो, कारण तो परिच्छेद अचानक दुसऱ्याच आवाजात बोलायला लागतो.

सिंहस्थावर विषय घेणारे पुढे खूप येतील. घ्या, पण सगळा सिंहस्थ नको. स्नानाच्या दिवसांचं गर्दी व्यवस्थापन, साधुग्रामसाठी गेलेल्या जमिनींच्या बातम्या, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक यांना मिळालेली जागा, असं एकच टोक धरा.

तपासून घ्या : मार्गदर्शकाबरोबरच्या प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. मार्गदर्शक बदलले किंवा विसरले तरी तुमचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

## टप्पा १० : व्हायवा आणि त्यानंतरचे कागद

व्हायवात निष्कर्षांपेक्षा पद्धतीवर जास्त विचारतात. हाच नमुना का, हाच काळ का, तुमच्या अभ्यासाची मर्यादा काय. मर्यादा स्वतःहून सांगणाऱ्याला परीक्षक खोलात घेत नाहीत. मूळ नोंदतक्ता आणि अंकांच्या प्रती बरोबर घेऊन जा.

अंतिम वर्षाला असतानाच नेट देता येते. निकालानंतर दोन वर्षांत आवश्यक टक्क्यांसह पदवी पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं. अध्यापनाचा हेतू लिहिणाऱ्यांनी ही संधी सोडू नये. विषय "जनसंवाद आणि पत्रकारिता", सांकेतिक क्रमांक ६३.

निकाल लागला की एबीसी खात्यात चारही सत्रांचे श्रेयांक चढले आहेत का, पाहा. एखाद्या सत्राचे दिसत नसतील तर परीक्षा विभागाला लेखी कळवा, अर्जावर पोच घ्या. आणि पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. दीक्षान्त समारंभाआधी त्यासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क असतं, मुदत ठरलेली असते आणि ती चुकली की पुढच्या समारंभापर्यंत थांबावं लागतं. तोवर नोकरीच्या अर्जाला लावायला तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र त्याच भेटीत मागून घ्या.